म्हशीच्या शिंगाचं ‘कूहॉर्न’: तयार घेऊ नका, अर्धं घ्या

सावंतवाडीजवळच्या एका घरगुती वर्कशॉपमध्ये स्वीडन-नॉर्वेच्या गुराख्यांचं शिंगवाद्य म्हशीच्या शिंगापासून बनवून मिळतं. पूर्ण तयार वाद्य ३,२०० रुपयांना आणि अर्धं तयार शिंग १,४५० रुपयांना. अर्धं म्हणजे आतलं हाड काढलेलं, उकळून साफ केलेलं, टोक कापून आरपार भोक पाडलेलं शिंग. फुंकायची वाटी कोरायची नि बोटांची भोकं पाडायची, हे काम आपलं. दोन तयार आणि तीन अर्धी अशी पाच शिंगं मेमध्ये घेऊन पावसाळाभर वापरून पाहिली. निकाल सुरुवातीलाच सांगतो: अर्धं घ्या. शिंग उत्तम आहे, साफसफाई उत्तम आहे, पण तयार वाद्यात वाटी आणि भोकं दोन्ही चुकलेली आहेत. वाद्य म्हणजे तर मुळात या दोनच गोष्टी.

आधी वाद्याविषयी, कारण ऑनलाइन याच्याबद्दल बराच गोंधळ दिसतो. स्वीडिशमध्ये ‘कूहॉर्न’ म्हणजे गाईचं शिंग. नॉर्वेत बोकडाच्या शिंगाचं ‘बुक्केहॉर्न’ असतं, त्यालाच ‘प्रिलारहॉर्न’ असंही म्हणतात. आवाज ओठांच्या थरथरीतून येतो, आपल्या शंखासारखा किंवा तुतारीसारखा. फरक एवढाच की अंगावर तीन ते पाच भोकं असतात, त्यामुळे नुसता इशारा न देता चाल वाजवता येते. ‘टुंगेहॉर्न’ नावाचा एक भाऊबंद आहे, त्यात ओठांऐवजी पातळ पट्टी (रीड) थरथरून वाजते. ते वेगळं वाद्य, त्याची मापं इथे लावू नयेत. अलिबागकडच्या बेने इस्रायली (ज्यू) समाजाचा शोफार, म्हणजे मेंढ्याच्या शिंगाचं प्रार्थनेतलं वाद्य, ज्यांनी ऐकला आहे त्यांना आवाजाची जात लगेच ओळखू येईल, फक्त शोफारला बोटांची भोकं नसतात.

तिकडे उन्हाळ्यात गुरं डोंगरातल्या कुरणांवर नेत. स्वीडनमध्ये त्या वस्तीला फेबूद म्हणतात, नॉर्वेत सेटर. राखणीला मुख्यतः बायका आणि मुली असत. शिंग वाजवून त्या गुरांना हाक देत, अस्वल-लांडग्यांना दूर ठेवत आणि पलीकडच्या कुरणावर निरोप पोचवत. ही उन्हाळी गुरराखणीची परंपरा डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. आज मैफलीत हे शिंग कसं वाजतं ते ऐकायचं असेल तर नॉर्वेचा सॅक्सोफोनवादक कार्ल सेग्लेम ऐका. तो बुक्केहॉर्न वाजवतो, आणि चार भोकांत किती काय मावतं ते त्याच्याकडून कळतं.

आता शिंग. कारागिराने पंढरपुरी म्हशीचं शिंग निवडलं आहे, आणि या एका निर्णयासाठी त्याला पूर्ण गुण द्यायला हवेत. कोकण कपिला गाय लहान चणीची, तिच्या शिंगात पुरेशी लांबी मिळत नाही. मुऱ्हा म्हशीचं शिंग जिलबीसारखं वळलेलं, त्यात गिरमिट सरळ जाणारच नाही. पंढरपुरीचं शिंग लांबलचक, तलवारीसारखं मागे गेलेलं. त्यातून ४० ते ४५ सेंमीचा सलग तुकडा सहज निघतो. गाईच्या शिंगापेक्षा याची भिंत जाड, रंग काळा आणि आडवं कापलं तर आकार गोल नसून चपटा. आवाज त्यामुळे थोडा भरीव, कडा कमी असलेला येतो. आम्हाला तो आवडला. तोटा असा की काळ्या शिंगाला उजेडासमोर धरून चीर शोधता येत नाही, गाईच्या फिकट शिंगात ती लगेच दिसते. म्हणून घेताना ही परीक्षा करा: सगळी भोकं बोटांनी बंद करा, रुंद तोंड तळहाताने घट्ट झाका आणि टोकाकडून हवा ओढा. जीभ लावून धरल्यावर तीन-चार सेकंद तळहात खेचलेला राहिला तर शिंग धड आहे. लगेच सुटला तर कुठेतरी गळती आहे, बहुधा रुंद काठाजवळ. आमच्या पाचांपैकी एक गळकं निघालं, ते त्यांनी कुरकुर न करता बदलून दिलं.

एक गोष्ट ठासून सांगायला हवी. सिंधुदुर्गात कोणी गव्याचं शिंग देऊ केलं तर हात लावू नका. गवा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, रानात सापडलेलं शिंगसुद्धा घरी आणता येत नाही. आणि मेलेल्या गुराचं शिंग स्वतः उचलून आणायचा विचार असेल तर जनावर कशाने मेलं ते आधी विचारा. अँथ्रॅक्सने मेलेलं असेल तर साध्या उकळीवर भरवसा ठेवता येत नाही, त्या रोगाचे बीजाणू फार चिवट असतात. साफ केलेलं, कुठून आलं ते माहीत असलेलं शिंग विकत घ्यावं, त्यासाठी हे १,४५० रुपये रास्त आहेत.

तयार वाद्यात काय चुकलं?

पहिली चूक वाटीची. फुंकायच्या टोकाला कोरलेली वाटी १३ मिमी रुंद आणि जेमतेम ४ मिमी खोल आहे. काठ सुरीसारखा धारदार. अशा वाटीत ओठांना हलायला जागाच मिळत नाही. आवाज पातळ निघतो, आणि खालचा सा धरायला गेलं की सूर वरच्या सप्तकाकडे निसटतो. पाच मिनिटांत ओठावर लाल वळ उठतो. हवी ती वाटी १६ मिमी रुंद, ७ ते ८ मिमी खोल, तळाशी ५ मिमीचं भोक आणि ३ मिमी रुंदीचा गोलसर काठ. तयार वाद्यात ती वाढवता येत नाही, कारण टोक आधीच बारीक घासून टाकलंय. बाहेरून १७ मिमी उरलंय, त्यात १६ची वाटी कोरली तर काठच राहत नाही.

दुसरी चूक भोकांची, आणि इथेच घोडं पेंड खातं. चार भोकं, सगळी ७ मिमीची, सगळी ३ सेंमी अंतरावर, पहिलं रुंद काठापासून ५ सेंमीवर. दिसायला फार सुबक. पण शिंग म्हणजे बासरी नव्हे. बासरीची नळी वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची असते. शिंग खाली फुलत जातं. काठापासून ५ सेंमीवर आतली पोकळी इतकी रुंद आहे की ७ मिमीचं भोक उघडलं तरी आतल्या हवेला त्याची फारशी दखल घ्यावी लागत नाही. सूर जेमतेम अर्धा स्वर चढतो. वर जावं तशी पोकळी अरुंद होते, तेवढंच भोक तिथे कितीतरी जास्त काम करतं, आणि सगळ्यात वरचं भोक उघडलं की सूर एकदम दोन स्वरांच्या आसपास उडी मारतो. हाती येणारं सप्तक ना भूपाचं, ना स्वीडनचं. भोकं डोळ्याने पाडली आहेत, कानाने नाही.

तिसरी गोष्ट लाखेची. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर जी लाखेची झळाळी असते ती या शिंगावरही दिली आहे. हातात घेतल्यावर नजर खिळते. पण लाख आणि ओल यांचं जमत नाही. ओठ जिथे टेकतात तिथे दहा-बारा दिवसांत लाख पांढरट पडली, जुलैत तर सगळ्या टोकावर धुकं बसल्यासारखं झालं. वाद्याच्या कामात त्याने काही बिघडत नाही, पण पृष्ठभाग चिकट होतो. शिंगाला जवसाच्या तेलाचा पातळ हात आणि वर मेण एवढं पुरतं. खोबरेल लावू नका. ते वाळून घट्ट होत नाही, तेलकटपणा तसाच राहतो नि पुढे खवट वास येतो.

आता अर्धं शिंग. पाकिटात शिंग, ५ मिमीची गोल कानस, १२०, ४०० आणि ८०० नंबरचे पॉलिश पेपर, मेणाचा सुपारीएवढा गोळा आणि भोकांच्या जागा दाखवणारा कागद येतो. कागद बाजूला ठेवा. तो एका ठरावीक शिंगावरून काढलाय, आणि दोन शिंगांची पोकळी कधीच सारखी नसते. बाकी सामान कामाचं आहे. टोक २३ मिमी जाडीवर कापलेलं येतं, म्हणजे वाटी आणि काठ दोन्हीला पुरेसा ऐवज आहे.

सुरुवात आतून करा. कारागीर टोकाकडून ५ मिमीचं भोक पाडत पोकळीपर्यंत जातो, पण शिंगाला वाक असल्यामुळे भोक आणि पोकळी नेमकी समोरासमोर येत नाहीत. आमच्या एका शिंगात दीड-दोन मिमीची पायरी राहिली होती. त्या पायरीवर हवा अडते आणि सूर मध्येच फाटतो. नवशिक्याला वाटतं आपली फुंक चुकतेय. सायकलच्या ब्रेकच्या तारेला १२० नंबरच्या पेपरची पट्टी गुंडाळून टोकाकडून आत सारा आणि पायरी उतरती करा. तापलेली सळई घालून जाळण्याची युक्ती काही जण सांगतात, ती नको. जळलेला थर पुढे सुटून पडतो, केस जळल्यासारखा वास महिनाभर जात नाही.

मग वाटी. कंपासने १६ मिमीचं वर्तुळ आखा, गोल डोक्याच्या बरने (ड्रिलला लावायच्या कोरणीने) किंवा वाकड्या टोकाच्या चाकूने मधून बाहेर कोरत या. मापासाठी पोरांची खेळायची काचेची गोटी घ्या. नेहमीची गोटी १६ मिमीच्या आसपासच असते. ती वाटीत अर्धी बसली की रुंदी आणि खोली दोन्ही झाली. त्याच गोटीवर पॉलिश पेपर चिकटवून फिरवली की वाटी आतून एकसारखी गोल होते. काठ शेवटी, ४०० आणि मग ८०० पेपरने, पाणी लावून. ओठाने तपासा, बोटाने नको; बोटाला गुळगुळीत लागलेला काठ ओठाला बोचू शकतो. घासताना मास्क हवाच. शिंगाची भुकटी फार बारीक असते, आणि पंख्याखाली बसून घासलं तर घरभर होते.

वाटी झाली की भोकं न पाडता आठवडाभर वाजवा. हे कंटाळवाणं वाटेल, पण ओठ बसेपर्यंत सा रोज वेगळा येतो, आणि हलत्या सा वर भोकं पाडली तर सगळंच हलतं. ४२ सेंमीच्या शिंगाचा सा साधारण काळी तीन ते पांढरी पाच यांच्या दरम्यान बसतो. फोनवरचा ट्यूनर चालेल. पाच मिनिटं वाजवून शिंग आतून गरम झालं की मगच माप घ्या. आतली हवा १५ अंशांवरून ३० अंशांवर गेली तर सूर जवळजवळ पाव स्वराने चढतो. फुंकेने ती तशीही तापते, म्हणून प्रत्यक्षातला फरक कमी असतो, पण थंड शिंगावर मोजून भोक पाडलं तर नंतर ते चढंच लागणार.

भोकं खालून वर पाडायची, रुंद तोंडाकडून टोकाकडे. उलटं केलं तर फसाल, कारण वरच्या भोकाचा सूर खालची भोकं उघडी असताना ठरतो. पहिलं भोक काठापासून ७ ते ८ सेंमीवर, शिंगाच्या चपट्या बाजूला. आधी ४ मिमीचं पाडा, वाजवा, मग गोल कानशीने मोठं करत जा. भोक मोठं केलं की सूर चढतो. टोकाकडचा काठ घासला तर जास्त चढतो, रुंद तोंडाकडचा घासला तर कमी. हव्या सुराच्या १५-२० सेंट खाली थांबा (ट्यूनरवर शंभर सेंट म्हणजे अर्धा स्वर). कडा गोल करताना तेवढं आपोआप भरून निघतं. चुकून पुढे गेलात तर टोकाकडच्या काठाला आतून मेण लावा, सूर उतरतो. ९ मिमीच्या पुढे भोक नेऊ नका, बोटाने नीट झाकलं जात नाही. दुसरं भोक पहिल्याच्या ३ सेंमी वर धरून सुरुवात करा, तिसरं आणि चौथं त्याहून थोडं जवळ आणि बारीक ठेवा. पंढरपुरी शिंगावर आडव्या वळ्या असतात. एखादी वळी नेमकी भोकावर आली तर आधी तेवढी जागा खरवडून सपाट करा, नाहीतर बोटाखालून हवा गळते आणि दोष भोकाचा वाटतो.

दुसऱ्या भोकावर गंधार लागतो. तो ट्यूनरवर शुद्ध किंवा कोमल आणून बसवायचा मोह होईल. थोडं थांबा. स्वीडन-नॉर्वेच्या जुन्या चालींत गंधार बऱ्याचदा दोन्हींच्या मधोमध असतो, आणि शिंग आपल्या स्वभावाने तिथेच जातं. हार्मोनियमसोबत वाजवायचं नसेल तर तो तसाच राहू द्या. त्या गंधारात या वाद्याचा सगळा रंग आहे.

वाजवण्याबद्दल फार सांगावं लागणार नाही. ज्याला शंख फुंकता येतो त्याला पहिला सूर पहिल्याच दिवशी निघेल. बाकीच्यांनी नुसत्या ओठांची फुर्र काढायचा सराव करावा, गाल न फुगवता. जोर लावून काही मिळत नाही, उलट शिंग ओठांवर जितकं दाबाल तितका सूर आखडतो. सुरुवातीला एका वेळी दहा मिनिटं पुरे. पल्ला पाच-सहा स्वरांचा. खाली अजून एखादा स्वर हवा असेल तर मोकळा हात रुंद तोंडात घाला. जितका आत जाईल तितका सूर उतरतो आणि मऊ होतो. उघड्यावर मात्र हे शिंग वेगळंच बोलतं. खोलीत कर्कश वाटणारा सूर कातळावर किंवा वाळूत उभं राहून वाजवला की गोल होऊन लांब जातो. ते बनलंच दोन डोंगरांमधल्या अंतरासाठी, म्हणून खोलीत ऐकून नापसंत करू नका.

वर्कशॉपवाले एक दिवसाचं शिबिरही घेतात, १,२०० रुपयांत, शिंग वेगळं. त्यात हाड काढण्यापासून सगळं दाखवतात: शिंग पाण्यात भिजत घालणं, उकळणं, हाड सैल करून उपसणं. ते ज्ञान अस्सल आहे आणि शिकवणारा हात सफाईदार आहे. पण भोकांच्या भागात तेच ३ सेंमीचं गणित शिकवलं जातं. हाडकाम आणि पॉलिश शिकायचं असेल तर जा, सूर लावायला शिकायचं असेल तर तो दिवस घरी ट्यूनर घेऊन बसा.

कोकणात या वाद्याचा खरा शत्रू पावसाळा. शिंग म्हणजे नखासारखंच केराटिन, ते हवेतली ओल पितं, नरम होतं, आणि वाटीचा काठ किंचित फुगतो. वाजवून झालं की रुंद तोंड खाली करून झटका, दोरीला बांधलेली सुती चिंधी आतून ओढून घ्या आणि वाऱ्यावर टांगा. उन्हात ठेवू नका. भिजलेलं शिंग उन्हात एकदम वाळलं की चिरतं. समुद्रकिनाऱ्यावर वाजवलं असेल तर ओल्या फडक्याने पुसून मग कोरडं करा, कारण अंगावर बसलेलं मीठ ओल धरून ठेवतं. बंद डब्यात ठेवलेल्या दोन्ही शिंगांना आतून बुरशी आली, भिंतीवर टांगलेल्या तिन्हींना नाही.

आणि किडा. शिंग, लोकर, पिसं खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळ्या शिंगाला बारीक भोकं पाडतात. शिंगाखाली पिठासारखी भुकटी सांडलेली दिसली की समजा लागला. मेण लावून भोक बुजवू नका, अळी आतच असते. शिंग प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून गच्च बांधा आणि डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, एक दिवस तशीच राहू द्या. दव पिशवीच्या बाहेर बसतं, शिंग कोरडं राहतं. हा उपाय पाकिटातल्या माहितीपत्रकात नाही, तो असायला हवा.

मागवताना फोनवर तीन गोष्टी सांगा. शिंगावर लाख नको. टोक २३ मिमीपेक्षा बारीक घासू नका. आणि पाडलेलं भोक पोकळीला नीट मिळालंय का ते तार घालून बघून द्या. तिन्ही गोष्टी ते आनंदाने करतात, फक्त सांगावं लागतं. शिंग कापडात गुंडाळून जाड पुठ्ठ्याच्या नळीत येतं, पाचांतलं एकही वाटेत फुटलं नाही. ऑर्डर पावसाळा उलटल्यावर, ऑक्टोबरमध्ये द्या. तेव्हा उकळलेली शिंगं नीट वाळलेली मिळतात. जूनमध्ये हवामान दमट, त्या वेळी मागवलेलं शिंग आतून ओलसर येऊ शकतं, आणि ओल्या शिंगावर लावलेला सूर वाळल्यावर सरकतो.